उंच हँडल घेण्याआधी हात कुठे येतात ते मोजा

प्रश्न असा आहे: टूरिंग बाइकवर दोन-अडीच तास झाले की खांदे भरून येतात, मनगटं दुखतात, बोटांना मुंग्या येतात. म्हणून मूळ हँडलपेक्षा तीन-चार इंच उंच हँडलबार बसवायचा विचार आहे. जुन्या केबल आणि ब्रेकचा पाइप पुरेल का, आणखी काय बदलावं लागेल, आणि हे काम घरी जमेल का?

थोडक्यात सांगायचं तर, वाढ एका इंचाच्या आत असेल तर पुष्कळ गाड्यांवर मूळ केबल आणि पाइप पुरतात, अर्थात तपासून. तीन-चार इंच म्हटलं की बहुतेक वेळा नाहीच पुरत. मग क्लचची केबल, अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल, ब्रेकचा पाइप आणि स्विचच्या वायरी या सगळ्याला हात लावावा लागतो. हँडल बदलणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

पण त्याच्याही आधीचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मनगट दुखतं म्हणून हँडल उंच हवं, असं आपण पटकन ठरवतो. माझ्या अनुभवात दहापैकी बहुतेकांना उंची फारशी नको असते, हँडल मागे हवं असतं. कोपर सरळ ताणलेलं असेल, खांदे पुढे ओढले जात असतील, तर हँडल लांब आहे. ते नुसतं उंच केलं तर हात तसेच ताणलेले राहतील, फक्त वरच्या बाजूला. त्यामुळे दुकानात जाऊन ‘बारा इंची द्या’ म्हणण्याआधी एक सोपं माप घ्या.

गाडी मेन स्टँडवर किंवा कोणाला तरी धरायला लावून सरळ उभी करा. नेहमीचं जॅकेट, हातमोजे, हेल्मेट घाला. लांबच्या प्रवासात जसे बसता तसे बसा, पाय फूटपेगवर. डोळे मिटा, खांदे एकदा वर करून सैल सोडा आणि हात समोर आरामात आणा. दोन्ही हातांत एक हलका पाइप किंवा काठी आडवी धरा. कोपर थोडं वाकलेलं, मनगट सरळ. आता दुसऱ्या माणसाने टेप लावून त्या काठीपासून सध्याच्या ग्रिपपर्यंत दोन अंतरं मोजायची: किती वर, आणि किती मागे. मधे उतरा, दोन पावलं चाला, परत बसा, परत मोजा. दोन-तीनदा केलं की आकडा स्थिर होतो. पुष्कळदा तो ‘तीस मिलिमीटर वर, चाळीस मागे’ असा काहीतरी निघतो आणि चार इंचांचा विचार तिथेच बाजूला पडतो.

हातांच्या पंजांची जागा खांद्यांच्या बरीच खाली असली पाहिजे, हे मी टूरिंगसाठी ठामपणे सांगतो. पंजे खांद्याच्या रेषेत किंवा वर गेले की तासाभरात रक्तपुरवठा मंदावतो आणि बोटं बधिर होतात, म्हणजे ज्या त्रासासाठी खर्च केला तोच परत येतो. शिवाय अनेक ठिकाणी हँडलच्या उंचीवर कायद्याची मर्यादा असते आणि गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. दोन्ही गोष्टी आपापल्या ठिकाणी आधी विचारून घ्या.

माप हातात आलं की मार्ग तीन. पहिला, आहे तेच हँडल क्लॅम्पमध्ये (हँडल मधोमध धरणारी पकड) थोडं फिरवून मागे घेणं. पैसे लागत नाहीत, पण मागे फिरवलं की टोकं खालीही येतात आणि मनगट वाकडं होतं. चार-पाच अंशांपलीकडे हा उपाय नको. दुसरा, रायझर. म्हणजे वरच्या टीवर (फोर्कचे दोन्ही पाय वर जोडून धरणारा आडवा भाग) क्लॅम्पखाली बसणारे ठोकळे. इथे एक गोष्ट बरेचजण विसरतात. पुढची फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन शॉकअप, तिरकी असते, त्यामुळे स्टीअरिंगच्या अक्षाला समांतर बसणारा रायझर हँडल नुसतं वर नेत नाही, मागेही आणतो. फोर्कचा कल २८ अंश धरला तर २५ मिलिमीटरचा रायझर हँडल साधारण २२ मिलिमीटर वर आणि १२ मिलिमीटर मागे आणतो. कित्येकांचा प्रश्न एवढ्यावर सुटतो. काही रायझर मुद्दाम मागे झुकलेले मिळतात, त्यांनी उंची फार न वाढवता हँडल आणखी मागे येतं. मात्र रायझरवर रायझर चढवू नका. आणि सोबत आलेल्या बोल्टची लांबी तपासा: ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत किमान १२ मिलिमीटर आत गेला पाहिजे. चार-पाच आट्यांवर धरलेलं हँडल कधीतरी हातात येतं.

तिसरा मार्ग नवं हँडल. घेताना चार मापं बघा: उंची, मागे किती येतं, टोकापासून टोकापर्यंत रुंदी, आणि नळीची जाडी. जाडी दोन ठिकाणी बघायची, मधे क्लॅम्पपाशी आणि टोकाला ग्रिपपाशी. टोकाला साधारण २२ मिलिमीटर असते, क्रूझर प्रकारच्या मोठ्या गाड्यांना एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. मधे २२, २५.४ किंवा जाड हँडल असेल तर २८.६ मिलिमीटर. स्विच, लिव्हर, ग्रिप हे सगळं टोकाच्या जाडीवर ठरतं, म्हणून ‘बसेल की’ या भरवशावर काही घेऊ नका. रुंदी वाढली की गाडी वळवायला हलकी लागते, पण ट्रॅफिकमध्ये आणि पार्किंगमध्ये अडचण होते, आणि पूर्ण वळवल्यावर बाहेरचा हात पोचत नाही. तीही चाचणी दुकानातच करा, हँडल हातात धरून.

आता केबल आणि पाइप. इथे मी सविस्तर लिहितो, कारण गंभीर चुका इथेच होतात.

अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल उजव्या ग्रिपपासून टाकीखाली जातात. हँडल पूर्ण डावीकडे वळवलं की उजवं टोक इंजिनपासून लांब जातं आणि केबल ताणते. केबल आखूड असेल तर त्या ताणानेच थ्रॉटल उघडतं. म्हणजे तुम्ही हळू वेगात यू-टर्न घेताय, हँडल टोकाला आहे, तोल नाजूक आहे, आणि नेमक्या त्या क्षणी इंजिन स्वतःहून रेज होतं. हे गाडी उभी असताना पकडता येतं: इंजिन आयडलवर ठेवा, न्यूट्रलमध्ये, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. आरपीएम जराही वाढता कामा नये. वाढला तर केबलचा मार्ग चुकला आहे किंवा ती आखूड आहे. अ‍ॅडजस्टर पिळून हा दोष झाकायचा नाही. ग्रिपवर दोन-तीन मिलिमीटरचा खेळ सगळ्या स्थितींत राहिला पाहिजे, आणि ग्रिप सोडल्यावर ती ‘टक्’ करून बंद व्हायला हवी.

क्लचची केबल डाव्या बाजूला असल्याने ती उजवीकडे पूर्ण वळवल्यावर ताणते. तिच्यात खेळ उरला नाही तर क्लच थोडा दाबलेलाच राहतो, घसरतो, आणि भरलेल्या गाडीने घाट चढताना प्लेटा जळतात. सुरुवातीला वासाशिवाय काहीच कळत नाही. गाडीला इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल आणि हायड्रॉलिक क्लच असेल तर या दोन केबलींची काळजी मिटली, पण क्लचचा पाइप आणि थ्रॉटलच्या सेन्सरची वायर त्यांच्या जागी आली.

पुढच्या ब्रेकच्या पाइपाबाबत एक बारकावा आहे. एबीएस (जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीत पाइप मास्टर सिलिंडरपासून (लिव्हरपाशी असलेला ब्रेकच्या तेलाचा पंप) सरळ कॅलिपरला (चाकापाशी डिस्क आवळणारा भाग) जातो. दोन्ही हँडलबरोबरच वळतात, त्यामुळे हँडल टोकाला नेऊन बघितलं तर पाइप नेहमी सैलच दिसतो आणि माणूस फसतो. इथे ताण येतो तो फोर्क पूर्ण उघडल्यावर. चाक खड्ड्यात उतरतं किंवा गतिरोधकावरून उडतं तेव्हा कॅलिपर खाली जातो आणि पाइप ओढला जातो. म्हणून तपासणी पुढचं चाक जमिनीवरून उचलून, फोर्क लटकती ठेवूनच करायची. एबीएस असेल तर पाइप आधी गाडीच्या सांगाड्यावर बसवलेल्या एबीएस युनिटकडे जातो. तो भाग वळत नाही, म्हणून तिथे हँडलची दोन्ही टोकंही तपासावी लागतात. सांगायचं म्हणजे दोन्ही प्रकारांत चाक उचला, हँडल डावीकडे टोकाला न्या, पाइपाला बोट लावून बघा, मग उजवीकडे. बँजोपाशी (पाइपाच्या टोकाची, बोल्टने कसायची भोकाची कडी) पाइप वाकून पांढरट पडलेला किंवा ताणून सरळ झालेला दिसला तर तो पाइप आखूड आहे. यात तडजोड नाही.

मध्यंतरी एक गाडी माझ्याकडे आली होती, दुसरीकडे हँडल बदलून घेतलेली. तक्रार एवढीच होती की ब्रेक ‘थोडा मऊ’ वाटतो. टाकी उचलल्यावर दिसलं की जुनाच पाइप पुरवण्यासाठी त्याची मूळ क्लिप काढून टाकली होती आणि पाइप टीच्या कडेवरून आडवा नेला होता. प्रत्येक वळणाला तो त्या कडेवर घासत होता. वरचं रबर जाऊन आतलं विणकाम बोटाला लागत होतं, आणि त्या जागी तेलाचा ओलसरपणा आला होता. बाहेरून बघणाऱ्याला हँडल सुरेख बसलेलं दिसत होतं. म्हणून मूळ क्लिप आणि गाइड कधी काढून टाकू नका. त्या कंपनीने शोभेसाठी लावलेल्या नसतात. पाइप त्यांच्यातूनच गेला पाहिजे, आणि तसा पुरत नसेल तर लांब पाइप घ्या.

लांबी ठरवायला अंदाज नको. नवं हँडल हलकं कसून गाडीवर ठेवा, लिव्हर जागेवर धरा, आणि जुन्या केबलचं रिकामं आवरण किंवा जाड दोरी खऱ्या मार्गाने, सगळ्या क्लिपांतून, एका बँजोच्या भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत न्या. हे फोर्क लटकती असताना आणि हँडल दोन्ही टोकांना नेऊन बघा, सगळ्यात जास्त माप घ्या, त्यात वीस-तीस मिलिमीटर मिळवा. फार लांबही नको. मोकळा लूप फेअरिंग (गाडीच्या पुढचं प्लास्टिकचं आवरण) आणि फोर्कच्या मधे अडकतो किंवा गरम भागाला टेकतो. स्टीलच्या जाळीचा पाइप घेणार असाल तर वरून प्लास्टिकचं आवरण असलेलाच घ्या. उघडी जाळी कानशीसारखी टाकीचा रंग आणि वायरींचं आवरण खाते.

आता प्रत्यक्ष काम. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. टाकीवर आणि पुढच्या मडगार्डवर जाड चादर टाका आणि त्याखाली प्लास्टिक, कारण ब्रेकचं तेल रंग उतरवतं. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नुसतं पुसू नका. सुटं करण्याआधी प्रत्येक वळणाचे, प्रत्येक क्लिपचे फोटो काढा, दोन्ही बाजूंनी. जुनी केबल ओढून काढताना तिच्या शेपटीला दोरी बांधा. केबल बाहेर आली की दोरी तिच्या मार्गात राहते, मग त्याच दोरीने नवी केबल ओढून घ्यायची. फेअरिंगच्या आत हात जात नाही तिथे एवढं एक केलंत तर निम्मी मेहनत वाचते. दोन अ‍ॅक्सिलरेटर केबल असतील तर उघडणारी कोणती आणि बंद करणारी कोणती यावर आधीच चिकटपट्टी लावून ठेवा.

काही गाड्यांत ब्रेक लिव्हरच्या आत ब्रेक लाइटचा छोटा स्विच असतो आणि मास्टर सिलिंडर सोडवताना त्याचं प्लास्टिक तुटतं. लिव्हर किंचित दाबून तिच्या आणि ब्रॅकेटच्या मधे चारेक मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा सारून ठेवला की तो वाचतो. मास्टर सिलिंडर उलटा लटकवू नका, सरळ बांधून ठेवा, नाहीतर हवा शिरते.

स्विचच्या आत एक छोटी पिन असते, ती हँडलमधल्या भोकात बसते म्हणून स्विच फिरत नाही. नव्या हँडलला ते भोक नसलं की काहीजण पिनच कापून टाकतात. तसं करू नका. हॉर्न दाबायला गेलात आणि अख्खा स्विच फिरला तर अंगठा चाचपडत राहतो. हँडल बनवणाऱ्याने परवानगी दिली असेल तर गाडीवर बसून स्विचची सोयीची जागा ठरवा, खूण करा आणि पिनच्याच मापाचं भोक पाडा, त्याहून मोठं नाही. कडा कानशीने मोडा.

वायरी हँडलच्या आतून न्यायच्या असतील तर वेळ हाताशी ठेवा. शक्य असेल तर प्लग लावून वाढवणारा तयार हार्नेस (वायरींचा जुडगा) घ्या. कापून जोडणार असाल तर रंगाला रंग, एकेक वायर, प्रत्येक जोड पुढेमागे ठेवून, सोल्डर करून वर हीट श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी). सगळे जोड एकाच जागी आले तर तिथे गाठ होते आणि ती वाकणात अडकते. जोड वाकणात येऊ देऊ नका. एकमेकींभोवती पिळलेली वायरींची जोडी दिसली तर ती बहुधा डेटाची असते, वाढवतानाही तो पीळ तसाच ठेवा. वायर जिथून हँडलमध्ये शिरते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला बसणारं कडं, हवंच. धारदार कडेवर थरथरून कापलेली वायर शोधण्यात जो वेळ जातो तो फार मोठा असतो. तापणारी ग्रिप असेल तर उजव्या बाजूला वायर इतकी सैल हवी की थ्रॉटल पूर्ण फिरवूनही ती ओढली जाणार नाही.

क्लॅम्प कसताना हँडलचा आणि क्लॅम्पचा पृष्ठभाग कोरडा, तेलाविना असावा. खूण असेल ती जुळवा. काही गाड्यांत पुढचे बोल्ट आधी पूर्ण कसून फट मागे ठेवायची असते, काहींत दोन्हीकडे सारखी फट. हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ८ मिलिमीटरच्या बोल्टला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर लागतं, पण आकडा मॅन्युअलचाच घ्या आणि टॉर्क रेंचनेच (ठरवलेल्या जोराइतकंच कसणारा पाना) कसा. रायझर रबरी बुशवर बसत असतील तर उंच हँडलचा जोर त्या बुशवर जास्त येतो आणि हँडल लवचिक वाटायला लागतं. बुश जुने असतील तर याच वेळी बदला.

ब्रेकचा पाइप बदलला तर बँजोचे तांब्याचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे वॉशर नवेच घाला, प्रत्येक वेळी. झाकणावर जो ग्रेड लिहिला असेल तेच तेल, सीलबंद डब्यातलं. डॉट ४ च्या जागी डॉट ५ कधीही नाही, ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यात मिसळत नाही. उंच हँडलवर हवा मास्टर सिलिंडरच्या बँजोपाशी वर अडकून बसते, म्हणून कॅलिपरवरच्या, हवा काढायच्या निपलमधून कितीही तेल काढलं तरी लिव्हर मऊच राहते. लिव्हर दाबून धरा, वरचा बँजो पाव फेरा सैल करा, कपड्यात फेस येऊ द्या, लगेच कसा आणि मगच लिव्हर सोडा. शेवटी तो टॉर्कला कसून घ्या. रात्रभर लिव्हर दाबून बांधून ठेवली की उरलेले बारीक बुडबुडेही वर येतात. सकाळी ती दगडासारखी नसेल तर गाडी बाहेर काढू नका. एबीएस युनिटमध्ये हवा शिरली असेल तर काही गाड्यांत ती निदान यंत्र लावून युनिट चालवल्याशिवाय निघत नाही.

यावरूनच घरी जमेल का याचं उत्तर येतं. रायझर, हँडल, केबल, स्विच हे ज्याच्याकडे टॉर्क रेंच आणि संयम आहे त्याला जमतं. ब्रेकची हवा याआधी स्वतः काढलेली नसेल तर तो भाग जाणत्या माणसाकडून करून घ्या, आणि तो करत असताना जवळ उभे राहून बघा.

गाडी रस्त्यावर न्यायच्या आधी चाक उचलून सगळी तपासणी परत एकदा: दोन्ही टोकं, अंगठा टाकी आणि हँडलच्या मधे चेमटत नाही ना, ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न, किल स्विच, आरसे. मग मोकळ्या जागेत हळू आठ काढा. वेगात जाण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ताठ बसल्यावर छातीवर वारा जास्त घेतला जातो. ताशी ८० वरून ११० वर गेलात की वाऱ्याचा जोर जवळपास दुप्पट होतो, आणि तुम्ही हँडल धरून स्वतःला सावरत असाल तर तो जोर थेट स्टीअरिंगमध्ये जातो. गाडी डोलल्यासारखी वाटली तर हात सैल सोडा, वेग हळूहळू कमी करा. मागे टॉपबॉक्स भरलेला असेल तर पुढचं चाक आधीच हलकं झालेलं असतं, त्यामुळे हे जास्त जाणवतं. बऱ्याचदा इलाज उंच किंवा रुंद विंडशील्डमध्ये असतो.

पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा, बँजोपाशी कोरडं कापड फिरवून ओल बघा, आणि जिथे पाइप किंवा केबल कशाला टेकते तिथे रंग उडालेला दिसतो का ते टॉर्च लावून पाहा. जुनं हँडल, जुन्या केबल आणि पाइप चिठ्ठी लावून ठेवून द्या. महिनाभर चालवून पाठ तक्रार करू लागली, तर मधला टप्पा म्हणून जुनं हँडल आणि छोटा रायझर हा पर्याय तुमच्याकडे असेल.